पाणी बघून दिलेली लेक

प्रिय अक्का,

रुपाली सुखरूप आहे. जावई सुखरूप आहेत, तिच्या सासूबाई आहेत, गाय आहे, वासरू आहे. हे आधी लिहून टाकते, कारण तुझी सवय मला माहीत आहे. कुणी काही सांगायला लागलं की तू मधेच अडवायचीस, "आदी शेवट सांग, मग बाकीचं निवांत ऐकते." सिनेमाला गेलं तरी शेजारच्या बाईला विचारून घ्यायचीस, हिरो जगतो का म्हणून. तर जगले सगळे. आता निवांत ऐक.

तुला लिहायचं केव्हापासून मनात होतं. तुझ्या वर्षश्राद्धाला मंद्रूपला आले तेव्हा दाजीसुद्धा म्हणाले, "लिही की तिला काहीतरी. तुजं अक्षर लई आवडायचं तिला." पण लिहायचं काय? तुला दुसरं काही ऐकायचं नसतं, लेकीची खुशाली हवी असते. आणि लेकीची खुशाली छातीठोकपणे लिहावी असा एकही पावसाळा गेल्या काही वर्षांत गेला नव्हता.

परवा रुपालीचा संसार, म्हणजे जेवढा उरला तेवढा, नव्या जागी लावून दिला आणि मी सोलापूरला परत आले. आज सकाळी चहा पिताना लक्षात आलं की फोन आतल्या खोलीत राहिलाय आणि मला त्याची आठवणही झालेली नाही. पावसाचे दिवस आणि फोन हाताशी नाही, असं किती दिवसांनी घडलं! कप तसाच ठेवला आणि कागद घेऊन बसले.

रुपालीला ते स्थळ आलं तो दिवस तुला आठवतो का? दाजींचा चुलतभाऊ तिकडं घाटात एसटीत कंडक्टर होता, त्यानं आणलेलं. घर बघायला तू, दाजी आणि तो, असे तिघं गेला होतात. मी नव्हते, माझ्या कॉलेजात परीक्षा चालू होती. पण नंतर दाजींनी तो प्रसंग इतक्या वेळा सांगितलाय की मी तिथं असल्यासारखाच तो मला दिसतो. दाजी ओसरीवर बसून शेत किती, मुलगा काय करतो, सुपारी-तंबाखू काही आहे का, असं रीतसर विचारत होते. आणि तू परसात जाऊन येते म्हणून गेलीस ती आलीच नाहीस. शेवटी दाजी बघायला आले, तर तू लुगडं वर खोचून ओढ्यात उभी. घराच्या भिंतीला लागून ओढा, आणि पाणी कसं, तर पायाची नखं मोजावीत असं.

"उन्हाळ्यात आटतं का वो हे?" तू विहीणबाईंना विचारलंस.

"बारीक व्हतं. आटत न्हाय कदी."

"मग झालं की. दिली पोरगी."

"अगं, पोरगं तरी बघ," दाजी म्हणाले. तेव्हा कुठं तू बाहेर आलीस आणि मुलाकडं पाहिलंस. तेही पाय पुसत पुसत.

हसू येतं ना? पण मला तुझं वागणं तेव्हाही कळलं होतं आणि आजही कळतं. आपल्या गावात मुलीच्या आईनं सोनं-नाणं नंतर बघावं, आधी पाणी बघावं. तू सगळं आयुष्य डोक्यावर घागर आणि कडेवर मी असं काढलंस. आई गेली तेव्हा मी चालायला शिकत होते आणि तू नववीत होतीस. शाळा सुटली तुझी. हापशावर रांग लावून, टँकरमागं पळून, भांडून, शिव्या देऊन आणि खाऊन तू पाणी आणलंस. माझ्या लेकीच्या डोक्यावर हंडा चढू द्यायचा नाही, एवढं एकच तू ठरवलं होतंस. घाटातलं ते घर बघून तुला वाटलं असेल, देवानं हाक ऐकली.

दिवाळीला फराळ घेऊन मी पहिल्यांदा तिकडं गेले. रुपाली ओढ्यावर धुणं धूत होती, गात होती. मीही खूश झाले आधी. मग मी तिच्या धुण्याच्या दगडाकडं पाहिलं. गोटीसारखा वाटोळा, आणि केवढा, तर आपल्या जुन्या धान्याच्या कणगीएवढा. तसले दगड सगळ्या परसात विखुरलेले. एकावर वाळवण, एकाला वासरू बांधलेलं. मी मान वर केली. मागं डोंगर, डोंगराला नरसाळ्यासारखी घळ, आणि घळीचं तोंड बरोबर आपल्या पोरीच्या घरावर. भूगर्भशास्त्र शिकवून मी पोट भरते. ते दगड कुणी उचलून आणून ठेवलेले नव्हते. ते वरून आले होते, केव्हातरी, पाण्या-चिखलाबरोबर, आणि पुन्हा येणार होते.

मंद्रूपला येऊन मी तुला सांगितलं. तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "दगड तर आपल्या रानातबी हायती."

"अक्का, आपल्या रानातले दगड जागचे हलत नाहीत."

"मग तितलंबी हलणार न्हायती. तू लई शिकलीस म्हणून तुला सगळीकडं भ्याच दिसतंय."

एवढ्यावर विषय संपला. तुझ्याशी वाद घालून कोण जिंकलंय? मी मात्र त्या सुट्टीनंतर ओळखीपाळखी काढून घाटातल्या दरडींवर काम करणाऱ्या गटात शिरले. आमच्या स्टाफरूममध्ये सगळे हसायचे. सोलापुरात, जिथं उंच म्हणून कारखान्याची चिमणी दाखवतात, तिथं बसून ही बाई डोंगर कोसळण्याचा अभ्यास करणार! करू दे म्हणाले. मी केला.

तू एकदा विचारलं होतंस, "तू नेमकं करतीस तरी काय गं?" मी सांगायला गेले आणि दाजींना भूक लागली, ते राहूनच गेलं. आता सांगते. तू पीठ मळतेस. पाणी घालतेस, पीठ पितं. आणखी घालतेस, आणखी पितं. मग एक ओंजळ अशी येते की पिठाचा गोळा हातात राहतच नाही, सुटतो, वाहायला लागतो. डोंगरावरच्या मातीचं तसंच. आठवडाभराच्या पावसानं ती भिजून तट्ट झालेली असते, आणि वर एक जोराची सर येते. आधी किती मुरलंय आणि आता ताशी किती पडतंय, या दोन्हीचा मेळ घालून आम्ही एक पातळी ठरवतो. डोंगरावर पर्जन्यमापक बसवलेत, त्यांचे आकडे माझ्या संगणकाच्या पडद्यावर येतात. पातळी ओलांडली की तालुक्याला निरोप, तालुक्याकडून वाडीला, वाडीच्या देवळावर भोंगा, आणि माणसं डोंगराच्या शेजारच्या उंच सोंडेवरच्या शाळेत. माती सुटायच्या आधी घर सुटलं पाहिजे, एवढंच ते काम.

म्हणजे पाऊस किती झाला की पुरे, हे मी ठरवते. आणि आपल्या घरात तर पावसाला पुरे म्हणायची चोरी. लहानपणी एकदा छत गळायला लागलं म्हणून मी "बास आता" म्हणाले, तर तू माझ्या तोंडावर हात ठेवलास आणि आकाशाकडं बघून माझ्या वतीनं माफी मागितलीस. "लहान हाय, बोलून गेली. तू पड, तू पड." अक्का, सांगू का? आकडे चढायला लागले की अजूनही माझी जीभ जड होते. आपल्या मातीतला माणूस पावसाला शत्रू समजूच शकत नाही. मला दर वेळी जोर करावा लागतो.

आणि ती पातळी ठरवणं हे काही देवानं सांगितलेलं गणित नसतं. खाली ठेवली तर उगीचच भोंगा वाजतो. वर ठेवली तर भोंगा वाजायच्या आत दरड येते. गेल्या पावसाळ्यात दोनदा निरोप गेला, दोनदा रुपालीची वाडी भिजत शाळेत गेली, आणि दोन्ही वेळा डोंगर जागचा हलला नाही. लोक चिडले. लावणीची कामं अडली, म्हाताऱ्या माणसांना ताप आले. आमच्या गटातले इनामदार सर पुण्याहून फोनवर म्हणाले, "मॅडम, पातळी थोडी वर घेऊ. तिसऱ्यांदा फुकट गेलं तर चौथ्यांदा कुणी घर सोडणार नाही."

मी म्हणाले, नको.

ते म्हणाले, "रागावू नका, पण तुमची भाची तिथं आहे म्हणून तर नाही ना?"

राग आला मला, खूप आला. पण खरं सांगू? माणूस चुकीचं विचारत नव्हता. माझं मलाच कळत नव्हतं की 'नको' म्हणणारी मी कोण. दरडींचा अभ्यास करणारी बाई की रुपालीची मावशी? मी त्यांना म्हणाले, या वाडीचा निर्णय तुम्ही सगळे मिळून घ्या, मी त्यात नाही. त्यांनी पुन्हा सगळी आकडेमोड केली आणि पातळी वर नेली. थोडीच, पण नेली. मी ती मान्य केली. रात्री झोप मात्र लागेना झाली, हे तुला सांगायला हरकत नाही.

मग यंदाचा तो दिवस आला. भर दुपार. सोलापुरात ऊन-सावली, वारा नुसता धूळ उडवत होता. घाटात मात्र सलग पाऊस लागला होता. कॉलेजला सुट्टी होती, मी घरीच संगणक उघडून बसलेले. आकडा पातळीच्या खाली होता. बराच वर आलेला, पण खाली. निरोप पाठवायचं कारण नव्हतं.

तेवढ्यात रुपालीचा फोन.

हसत होती. "मावशी, आमच्या हितंबी सोलापूर झालं बग. बाहेर धो धो पाऊस, अन् पाइपला पाण्याचा थेंब न्हाय."

तुला ठाऊक आहे की, ओढ्याच्या वरच्या अंगाला डबकं करून त्यांनी घरापर्यंत काळा पाइप आणलाय. चोवीस तास चालू, तोटी नाहीच त्याला. पण तुझी लेक काय करायची माहितेय? लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी रोज सकाळ-दुपार हंडा, कळशी, पातेली, तांबे, सगळं भरून ठेवायची. सासरचे हसायचे. सासूबाई चारचौघींत सांगायच्या, "आमची सून पाण्यात उभी राहून पाणी भरती." तिला हसणं चालायचं, पण रिकामं भांडं बघवायचं नाही. सोलापुरात आम्ही झोपेतही नळाकडं कान देऊन असतो. पाणी आलेलं जसं कळतं तसं गेलेलंही लगेच कळतं. ते तिच्या अंगात तसंच राहिलं होतं. म्हणून पाइप थांबला तो तिला कळला. भर पावसात, चहूकडून पाणी कोसळत असताना, वाडीत दुसऱ्या कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

मी विचारलं, "ओढा कसा आहे?"

"बारीक झालाय की. सकाळी दणकून वाहत हुता. आता दगडं दिसायलीत."

अक्का, इथं नीट ऐक. एवढ्या पावसात ओढा आटतो तो एकाच कारणानं. वर कुठंतरी माती घसरून त्यात आडवी पडलीय आणि मागं पाणी तुंबतंय. ते आडवं पडलेलं सुटलं की पाणी, चिखल, झाडं, ते कणगीएवढे दगड, सगळं एकदम खाली. किती वेळात, ते कुणी सांगू शकत नाही.

"जावई कुठायत?"

"हे काय, निघाल्यात वर. पाइपात पाला अडकलाय म्हणं, काढून येतो म्हणाले."

मी ओरडले. इतकी ओरडले की शेजारच्या रंगम वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "त्यांना थांबव. आत्ता थांबव. वर जायचं नाही, ओढ्यात उतरायचं नाही, काही घ्यायचं नाही. सगळ्यांना घेऊन शाळेत जा. वाटेत घरं लागतील त्यांना हाका मार." ती "का गं?" म्हणाली नाही. "बरं," म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी लगेच इनामदार सरांना लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आकडा अजून पातळीच्या खाली आहे."

"आकडा खाली आहे, पण ओढा आटलाय, सर."

आणि लगेच पुढं मी म्हणाले, "हे मावशी म्हणून बोलतेय की काय म्हणून, मला माहीत नाही. तुम्ही ठरवा."

"मॅडम, भाची कुणाचीही असो. पाठवा निरोप. तालुक्याला मी स्वतः फोन करतो."

गेल्या वर्षी या माणसावर मी किती चरफडले होते! त्या एका वाक्यापायी सगळं माफ केलं.

त्यानंतर रुपालीचा फोन लागेना. जावयांचा लागेना. वाडीतल्या कुणाचाच लागेना. पडद्यावर आकडा चढत होता, आणि मला त्याचा काही उपयोग नव्हता. आमचा पाण्याचा दिवस होता, तेवढ्यात नळाला पाणी आलं. मी ऐकलं, आणि उठले नाही. पाणी आलंय आणि मी बसून आहे, असं जन्मात पहिल्यांदा झालं. रंगम वहिनींनी न विचारता आत जाऊन माझी भांडी भरली, टाकी भरली, आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. काय झालंय हेही त्यांनी विचारलं नाही. देव भलं करो त्या बाईचं.

तुझी तेव्हा फार आठवण आली. आणि रागही आला. म्हटलं, पाणी, पाणी, पाणी. कधी डोंगराकडं बघितलंस का गं? मी सांगितलं होतं ना? गेलेल्या माणसावर असं रागवावं का? पण तू समोर असतीस तर त्या वेळी तुलाही बोलले असते. मग मला वाटलं, तू समोर असतीस तर तूही माझ्याशेजारी अशीच फोन धरून बसली असतीस, आणि तुझ्याच्यानं ते सोसलं नसतं. बरं झालं नाहीस, असंसुद्धा वाटलं. काय काय मनात येतं!

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडं रुपाली.

"मावशी, शाळेत हाय. समदी हायती."

एवढं म्हणून ती रडायला लागली आणि मीही. मग कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला. शाळेचे गुरुजी होते. त्यांनी सांगितलं, माणसं शाळेच्या पायऱ्या चढून आली, ओल्या कपड्यांनी टेकली, आणि मग डोंगर गरजला. आधी त्यांना विमान वाटलं. झाडं उभीच्या उभी खाली येताना दिसली म्हणे. ओढ्याकाठची घरं गेली. आपल्या पोरीचं घर तर पहिलं. जागा ओळखूही येत नाही. माणूस मात्र एकही गेला नाही.

तू दिलेला तांब्याचा हंडाही गेला, अक्का. मला माहीत आहे तू हेच विचारणार. भरलेला होता.

मी दुसऱ्या दिवशीच तिकडं गेले. शाळेच्या वर्गात चटयांवर सगळी वाडी होती. तुझ्या विहीणबाई खिडकीशी बसून डाळ निवडत होत्या. मला बघून उठल्या, माझे दोन्ही हात धरले. मी म्हणाले, "तुम्ही सगळे लगेच निघालात म्हणून बरं झालं. मला भीती होती, गेल्या वर्षी दोनदा उगीच हेलपाटा झाला, आता ऐकता की नाही."

त्या म्हणाल्या, "उगीच कसा? दोनदा गेलो म्हणून तर वाट पायाखालची हुती. कुणाला धरायचं, कुटनं चढायचं, समदं ठावकी. गाय सोडली तर तीबी न सांगता शाळेकडं निघाली."

हे आमच्या कुणाच्या गणितात नव्हतं. फुकट गेलेल्या भोंग्यांना आम्ही चूक म्हणून मोजत होतो. मी तिथूनच इनामदार सरांना फोन करून सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, पातळी परत खाली घेऊ. ओढा बारीक झाला, पाइप बंद पडला, की आकड्याची वाट न बघता शाळेत जायचं, हेही आता वाडीवाडीत सांगायला सुरुवात झालीय. तुझी लेक सांगते. तिचं सगळे ऐकतात.

जावयांचं कसं झालं, हेही विहीणबाईंनीच सांगितलं. ते कोयता घेऊन परसाच्या पुढं गेले होते. रुपालीनं हाक मारली, तर म्हणाले, पाला काढून आलोच, तुमी व्हा पुढं. तेव्हा सासूबाई पावसात बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "ती चला म्हणाली न्हवं? मग चल. का, ते तितं गेल्यावर इचार."

मी विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही नाही विचारलंत का म्हणून?"

"न्हाय. माजी सून कामाबिगर हाक मारत न्हाय."

एवढं बोलून त्या पुन्हा डाळ निवडायला बसल्या.

अक्का, आता ते लिहिते ज्यासाठी हा कागद घेतला. तू दवाखान्यात होतीस. दुपारची वेळ होती, वॉर्डातल्या टीव्हीवर कुठल्याशा डोंगरातली दरड दाखवत होते. चिखल, पोलीस, रडणारी माणसं. तू बराच वेळ बघत राहिलीस. मग माझ्याकडं तोंड वळवून म्हणालीस, "बारके, पोरीला मी चुकीच्या घरात दिली का गं?"

मी तुझी उशी नीट केली आणि गोळी घे म्हणाले. तू गोळी घेतलीस. पुन्हा विचारलं नाहीस. मला येत असतं तर मी उत्तर दिलं असतं. तुला खोटं सांगून मी कधी सुटले नाही, आणि खरं काय ते मलाच माहीत नव्हतं. तो प्रश्न घेऊन तू गेलीस, याचं मला वर्षभर वाईट वाटत राहिलं.

आता माहीत आहे. घर चुकीच्या जागी होतं. ते गेलं, आणि गेलं ते बरं झालं. पण ज्या माणसांत तू लेक दिलीस ती माणसं तिच्या एका शब्दावर चुलीवरचा भात तसाच टाकून, कारण न विचारता, पावसात निघाली. किती घरांत सुनेचा शब्द असा चालतो? तू पाणी बघत होतीस, त्या माणसांकडं तू धड पाहिलंही नव्हतंस. तरी मिळाली. नाही अक्का, चुकीच्या घरात नाही दिलीस.

नवी जागा सोंडेवर आहे, शाळेच्या पलीकडं. पत्र्याची खोली आहे सध्या. ओढा लांब राहिला, पाणी खालून आणावं लागतं. तुला हे आवडणार नाही म्हणून शेवटी लिहितेय. परवा निघताना मी रुपालीला हंडा घेऊन चढ चढताना पाहिलं. तिनं हंडा खाली ठेवला, दम घेतला आणि म्हणाली, "मावशी, आईला सांगू नगंस हां." तिचं तिलाच हसू आलं. मग तिच्या सासूनं हंडा उचलून आत नेला.

मी तिला काही कबूल केलं नाही, म्हणून तुला सांगून टाकलं. तुला मात्र एक कबूल करते. त्या सोंडेवर दिवाळीच्या आत पाणी चढलेलं असेल. त्यासाठी ज्याच्या दारात बसावं लागेल त्याच्या दारात बसेन, तू बसायचीस तशी, भांडून. आणि पावसाला पुरे म्हणायची वेळ आली की मी म्हणेन. तू तेवढं वर बघून माझ्या वतीनं माफी मागून ठेव.

तुझी,
बारकी